कलमतात्या

कोल्हापुरात पेठेला तालीम असते, तालमीला फुटबॉलचा संघ असतो आणि संघ हरला की रेफ्रीची कुंडली मांडणारा एक जाणता असतो. त्याशिवाय पेठेत एक कलमतात्या असतात. तुमच्याकडे नसतील तर आमचे घेऊन जा. जायचं भाडं आम्ही देऊ.

आमचे तात्या हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. पांढरा सदरा, आणि त्याच्या डाव्या खिशात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं भारताचं संविधान. ते मावावं म्हणून शिंप्याकडून खिसा मुद्दाम वाढवून घेतलाय. वजनानं तात्या डावीकडं झुकलेले दिसतात. पेठेतले काहीजण म्हणतात, झुकायचं कारण पुस्तक नव्हे, ते आधीपासूनच तसे आहेत.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर कुणी मधेच ग्लास पुढं केला, की तात्या गरजतात, "कलम चौदा! म्हशीपुढं सगळे समान." एकदा हवालदारानं त्यांची गाडी अडवली. तात्यांनी कलम बावीस काढलं. अटकेची कारणं सांगा, वकील गाठू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करा. हवालदार शांतपणे म्हणाला, "तात्या, नुसतं लायसन दावा आनि जावा." लायसन घरी राहिलं होतं. संविधान मात्र होतं.

असा माणूस २०२४ च्या लोकसभेला गप्प बसणार होता थोडाच! घटना वाचवायची, अशी हाक एका बाजूनं घातलेली; घटनेला काही होत नाही, उगाच भीती घालू नका, असं दुसरी बाजू सांगत होती. तात्यांनी ठरवलं, नागरिकाच्या हक्कांबद्दल बोलेल त्याच्या मागं उभं राहायचं. इथवर सोपं होतं. पण काँग्रेसनं उमेदवारी दिली ती कोल्हापूरच्या गादीच्या श्रीमंत शाहू छत्रपतींना, आणि आमच्या तात्यांची पंचाईत झाली.

कारण कलम अठरा. किताब रद्द. त्यातून १९७१ ची सव्विसावी घटनादुरुस्ती, संस्थानिकांची मान्यता आणि तनखे बंद करणारी. मग 'महाराज' म्हणायचं कसं? आणि कोल्हापुरात राहून न म्हणायचं कसं? दोन दिवस तात्या 'आपले उमेदवार' म्हणत हिंडले. लोकांना वाटलं, तात्या विरोधकांना मिळाले. तिसऱ्या दिवशी ते बिंदू चौकात जाऊन बसले. तिथं फुले आणि आंबेडकरांचे पुतळे आहेत, १९५० सालचे. बाबासाहेब हयात असताना उभारलेले, हे तात्या पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. तिथून उठले ते तोड काढूनच. "१९०२ ला राजर्षी शाहूंनी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. १९२० ला माणगावच्या परिषदेत, हा तुमचा पुढारी, म्हणून बाबासाहेबांना पुढं केलं ते राजर्षींनीच. म्हणजे ही गादी घटनेच्या आधीपासून घटनेच्या बाजूची. तेव्हा 'महाराज' हा किताब नव्हे, तो पुरावा आहे."

कुठल्या न्यायालयात हे टिकेल ठाऊक नाही. पेठेत टिकलं.

खरा घोळ प्रचारात झाला. समोरच्यांची घोषणा होती, 'मान गादीला, मत मोदीला'. इकडून उत्तर गेलं, मानही गादीला आणि मतही गादीला. तात्यांना दोन्ही पटेनात. "अरे, घटनेला काय? नुसता नमस्कार?" आणि हाच प्रश्न घेऊन ते दारोदार निघाले. मी पत्रकं धरायला सोबत होतो, त्यामुळे पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं.

पहिल्याच दारात एक आजी. "मत व्हय? म्हाराजास्नी."

कुठलाही शहाणा कार्यकर्ता हात जोडून पुढच्या दाराला गेला असता. तात्या पायरीवर बसले. "का पण, आज्जी?"

"म्हाराज हाईत म्हून."

"हे कारण चालायचं नाही."

आजी घाबरली. आपलं नाव यादीतून काढतात की काय, असं तिला वाटलं असावं. तात्यांनी तिला एकोणिसावं कलम पोटकलमांसह समजावलं. बोलायचा, जमायचा, संघटना करायचा हक्क. मग एकविसावं. आजीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग आता म्हाराजास्नी द्यायाचं का न्हाई?"

त्या गल्लीत आम्हाला अडीच तास लागले. घरं अकरा. अकराही मतं आधीच पक्की होती. तात्या बाहेर पडले तेव्हा त्यातली दोन विचारात पडली होती. संध्याकाळी प्रचार कार्यालयातनं एक पोरगा आला आणि अगदी काकुळतीनं म्हणाला, "तात्या, पाया पडतो. पडल्यालं मत उकरून काढू नका. तुम्ही घरीच थांबा."

"कलम एकोणीस, एक, घ. संचाराचं स्वातंत्र्य," तात्या म्हणाले.

"व्हय, मग रंकाळ्यावर संचार करा."

७ मे ला मतदान झालं. ४ जूनला निकाल लागला. शाहू छत्रपती १,५४,९६४ मतांनी निवडून आले. पेठेत गुलाल इतका, की कुत्रीसुद्धा गुलाबी. तात्या तालमीच्या कट्ट्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलेले. मी विचारलं, आता कसला हिशेब?

"यातली गादीची किती आणि घटनेची किती, ते वेगळं काढतोय."

"मत गुप्त असतं, तात्या."

पेन्सिल थांबली. स्वतःच्या आवडत्या विषयात कुणी आपल्याला पकडावं, हे त्यांच्या बाबतीत प्रथमच घडत होतं. मग तात्यांच्या घरच्या, आमच्या वहिनी, आल्या, तात्यांच्या हातातला कागद घेतला आणि त्यात गुलाल बांधून देवाजवळ ठेवायला घेऊन गेल्या.

हल्ली अकरानंतर तात्या घरी भेटत नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. तात्यांचा स्वतःचा एकही खटला नाही. कुणाला काम असेल तर मागच्या बाकावर बघा. डावीकडं झुकलेले दिसतील.