लाटसाहेबांची देणगी

बदकांना यजमानाची पारख नसते, हे भरतपूरला गेल्यावर पटतं. पानिपताहून जीव वाचवून आलेल्या मराठ्यांना इथल्या सूरजमल जाटाने खाऊपिऊ घातलं आणि सुखरूप वाटेला लावलं. उत्तरेतून हजारो कोस उडत आलेल्या बदकांची सोय त्याच्या वंशजांनी वेगळीच केली. अजान बांधाचं पाणी वळवून, पाळी घालून, दारं बसवून त्यांनी मुद्दाम पाणथळ फुलवली. आणि बदकं उतरली की व्हाइसरॉयना आवतण!

याच पाणथळीतल्या केवलादेव उद्यानात आम्ही सायकलरिक्षा केली. मागे मी आणि आत्या, म्हणजे मुख्यतः आत्या. इथले रिक्षावाले पक्षी ओळखण्यात भल्याभल्यांना हार जात नाहीत. आमचा रिक्षावाला धापा टाकत तलवार बदक दाखवी, थापट्या दाखवी. आत्या शाल घट्ट करी. शेवटी मी तिला हळदी-कुंकू बदक दाखवलं. चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल! तेव्हा कुठे बाईंनी हात जोडले.

केवलादेव म्हणजे महादेव. उद्यानाच्या मधोमध त्याचं देऊळ, आणि जवळच दगडात कोरलेली नावं नि आकडे. आपल्याकडे देवळात देणगीदारांची फरशी असते, तशीच. आत्या चष्मा लावून पुढे झाली.

"लिनलिथगो, ४,२७३. बरा होता हो साहेब! पण शेवटी एक नको का? ४,२७१ द्यायचे."

"आत्या, रुपये नव्हेत. पक्षी आहेत."

"देवाला वाहिले?"

"मारले. व्हाइसरॉय होते ते. १९३८ साली, एका दिवसात."

आत्या क्षणभर गप्प. मग म्हणाली, "एवढे खाल्ले कोणी?"

ते पाटीवर नाही. चिखलात उतरून मेलेले पक्षी वेचणाऱ्यांची नावं नाहीत, मग स्वयंपाक्याला कोण विचारतो! अशा शिकारीत पाहुण्याने ठरल्या जागी उभं राहायचं. पाखरं उठवायला माणसं वेगळी, बंदूक भरून द्यायला वेगळी. आकाशात बदकांची एवढी दाटी, की नेम चुकवायलाच कौशल्य लागावं. या नेमबाजीची मात्र पाटी लावलेली आहे.

महाराजांचा शिकारीचा हक्क थेट १९७२ पर्यंत होता. पुढे १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९८५ साली जागतिक वारसा. पक्षितज्ज्ञ सालिम अली यासाठी झटले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शिकारीच्या हौसेपायी पाणी राखलं गेलं, म्हणूनच वाचवायला काही उरलं, हेही खरं. कबूल करताना जीभ अडखळते, एवढंच.

जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा. दुर्बीण न्या, रिक्षावाल्याचं ऐका. आणि बरोबर आत्या असेल तर पाटी येण्याआधीच सांगून ठेवा. आमच्या आत्याने तिथे अकरा रुपये ठेवलेच.