मुंबईकरांनी जुन्नरात बाग कशी लावावी

प्रथम अभिनंदन. नारायणगाव-ओतूर पट्ट्यात तुमचा दोन-तीन गुंठ्यांचा प्लॉट झाला, त्यावर घर झालं, गेटवर नावाची पाटीही लागली. कदाचित तुमचे आजोबा याच भागातून डबे पोचवायला मुंबईला गेले होते आणि तुम्ही पेन्शन घेऊन उलट्या वाटेनं आलात. गावाला त्याचं नवल नाही. नवल आहे ते टेम्पोतून उतरलेल्या सामानाचं: डोंबिवलीच्या गॅलरीतल्या कुंड्या, मनी प्लांट, सुपारीची दोन रोपं आणि रत्नागिरीहून मुद्दाम मागवलेलं हापूसचं कलम. हे सगळं जगवायचं कसं, हे आता पाहू.

साहित्य: कुदळ, खुरपं, घमेलं, पाइप, शेणखत आणि पहार. पहार कशाला, असं विचारू नका. पहिल्या खड्ड्यातच कळेल. प्लॉट सपाट करताना वरची माती गेली कुठे, हेही विचारू नका. ती गेली, खाली मुरूम राहिला. त्यात कलम लावायचं तर गुडघ्याएवढा नव्हे, कमरेएवढा खड्डा घ्या, उन्हाळाभर तापू द्या आणि मग माती व शेणखतानं भरा. लेंडीखत मिळालं तर उत्तमच. हिवाळ्यात धनगरांचे वाडे उतरतात तेव्हा इथले शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात. तुमच्या अंगणात मात्र मेंढ्या बसवू नका. त्या खत देतील, पण आधी बाग खातील.

आता हवामान. जुन्नरला पाऊस कसा असतो, असं कोणाला विचारलंत तर तो आधी विचारेल, कुठलं गाव? प्रश्न रास्त आहे. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या अंगाला पाऊस इतका कोसळतो, की मुंबईकरानंही छत्री मिटून घरात बसावं. तिकडे राब भाजून भाताची रोपं करतात, जंगलात हिरडा वेचतात. आणि जुन्नर तालुक्यातच पूर्वेला बेल्हे आणि आणे पठारावर बाजरी आभाळाकडे बघत उभी असते. मधल्या पट्ट्यात, म्हणजे तुमच्याकडे, मुंबईच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. हिरवं दिसतं ते माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे. डिंभ्याच्या पाण्यात तर मूळ आंबेगाव गावच बुडालं. शेजारच्या तालुक्याला नाव त्याचं, कचेऱ्या घोडेगावात आणि कुकडीचं पाणी कालव्यानं पार श्रीगोंदा-करमाळ्याच्या दिशेनं. तेव्हा ‘धरण इतकं जवळ, मग नळाला पाणी का नाही’ असा सवाल पारावर टाकू नये. तिथल्या प्रत्येकानं तो तुमच्या आधी टाकलेला आहे.

पाणी देणे. मुंबईत तुम्ही रोज संध्याकाळी मगानं पाणी घालत होता. ती सवय इथे सोडा. इथे झाडाला पाणी पाहिजे की नाही हे झाडाला नव्हे, मातीला विचारतात. मूठभर माती आवळा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, कामाला लागा. हाताला चिकटली तर खुरपं ठेवून घरात जा. शेजारी एक तात्या असतीलच, ते कुंपणापलीकडून म्हणतील, “सायेब, रोज पाणी घालू नका, मुळ्या आळशी व्हत्यात.” तात्यांचं ऐका. ते सल्ल्याचे पैसे घेत नाहीत, फक्त चहा घेतात. पुस्तकी सल्लाच हवा असेल तर नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. पण तिथे मनी प्लांट घेऊन जाऊ नका.

कधी लावायचं? मृग लागला की. पण पहिल्या सरीला नाही; ती फसवते. तिच्या भरवशावर लावलेल्या रोपांना पुढचे पंधरा दिवस तुम्हीच बादलीनं पाऊस पाडत बसाल. दोन चांगले पाऊस होऊ द्या, जमीन आत गार होऊ द्या. त्या सुमारास मंचरला गेलात तर बटाट्याच्या बेण्याच्या गोण्या दिसतील. हे बेणं पंजाबातून येतं, आंबेगावच्या सातगाव पठारावर पावसाच्या पाण्यावर लागतं आणि मुकाट्यानं वाढतं. जालंधरच्या हवेची आठवण काढून ते सुकल्याचं ऐकिवात नाही.

थंडी. हे प्रकरण नवख्यांना सर्वांत जड जातं. मुंबईत डिसेंबर म्हणजे पंखा दोनवर. जुन्नर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि कडाक्यात पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो. हवा कोरडी होते, तुमचे ओठ फुटतात आणि सुपारीची पानं कडेनं करपतात. मनी प्लांट घरात घ्या. सुपारीला तुमची शाल पांघरू नका. लोक रस्त्यावरून जाता-येता बघतात. हापूस मात्र इथे होतो, येणेऱ्याच्या बाजूला चांगल्या बागा आहेत. फक्त तो कोकणातला हापूस सरत आला की येतो. तेव्हा रत्नागिरीच्या मेव्हण्याला मार्चमध्ये पाडाच्या आंब्याचा फोटो पाठवून जिरवण्याचा बेत रद्द करा.

दारात द्राक्षाचा वेल हवाच, असं प्रत्येक नवख्याला वाटतं, म्हणून थोडं सविस्तर. द्राक्ष थंड मुलखातलं. तिकडे ते हिवाळ्यात पानं झाडून झोपतं आणि वसंतात उठतं. आपल्याकडे त्याला झोपच लागत नाही. मग इथल्या बागायतदारानं कात्री घेतली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काड्या तयार करायला. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती घडांसाठी. छाटणी दोनदा, पीक एकदा. शिवाय ऑक्टोबरात डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर रसायनाचं पेस्टिंग. इतकं करून नोव्हेंबरात अवकाळी आला, की डावणी रोग उतरतो. घड पिकायच्या वेळेला आला, की मणी तडकतात. धुई पडली की रात्री झोप बागायतदाराची जाते. बाजारातलं काळं जंबो द्राक्ष तोंडात टाकताना हे आठवत नाही, ते बरंच आहे. तुमच्या मांडवावरचा वेल पहिल्या वर्षी भरघोस पानं देईल. त्यांच्या सावलीत खुर्ची टाका आणि घडांबद्दल बोलू नका. ऑक्टोबरात कात्री घेऊन तात्या स्वतःहून येतील आणि तुमच्या देखत वेल बोडका करतील. तेव्हा बायकोला घरात पाठवा. मध्ये पडू नका.

एक कलम गमतीचं नाही. उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत. उसातच जन्मलेले, उसातच वाढलेले. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, ते त्यामुळेच. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की इथला शेतकरी बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो, आणि दिवसा वीज द्या, ही त्याची मागणी वर्षानुवर्षांची आहे. तुमच्यावर अशी सक्ती नाही. तेव्हा अंधार पडल्यावर वाकून किंवा उकिडवं बसून खुरपणी करू नका, पोरांना एकटं बाहेर सोडू नका, गेटवरचा दिवा चालू ठेवा.

शेवटी उत्पन्न. सगळं फसलं तरी टोमॅटो येईल. या मातीत तो तुमच्या मर्जीवर अवलंबून नाही. 2023 च्या जुलैमध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, हे तुम्हाला प्रत्येक जण सांगेल. त्याच क्रेटात तोडणीची मजुरीही सुटली नाही अशी वर्षं किती, ते कोणी सांगणार नाही, विचारावं लागेल. तुमचा टोमॅटो दुसऱ्या प्रकारच्या वर्षी पिकेल. पिकला की शेजाऱ्याला नेऊन देऊ नका, तो टोपलीभर परत देईल आणि वर वांगी घालेल. माळशेजमार्गे कल्याणला निघालेला कोणी ओळखीचा गाठा आणि नातेवाइकांकडे पाठवून द्या. क्रेट मात्र परत आणायला बजावा, ते तात्यांचं आहे.