तौलनिक अभ्यासक

प्रत्येक ऑफिसात एक तौलनिक अभ्यासक असतो. आमचे अकाउंट्समध्ये बसतात आणि सगळे त्यांना 'सर' म्हणतात. सरांना कामासाठी लॅपटॉप घ्यायचाय. हलका, पण भारीतला. रिंगणात दोनच उरलेत: अॅपलचा मॅकबुक एअर आणि लेनोवोचा थिंकपॅड एक्स-वन कार्बन. बाकीच्यांची डिपॉझिटं गेल्या वर्षीच जप्त झाली.

अभ्यास दांडगा. 2008 साली स्टीव्ह जॉब्जने कागदी पाकिटातून एअर बाहेर काढला, तो प्रसंग सर पहिल्या रांगेत बसल्यासारखा सांगतात. आपल्याला वाटतं, चला, एअर ठरला. तेवढ्यात सरांचा आवाज खाली येतो. "पण थिंकपॅड म्हणजे मूळची आयबीएम हो! 1992 पासूनची. 2005 मध्ये लेनोवोकडे गेली, तरी रक्त आयबीएमचंच!"

दुकानातला पोरगा सर दिसले की आधी पाण्याचा ग्लास आणून ठेवतो. सर थिंकपॅडच्या कीबोर्डमधल्या त्या लाल ठिपक्यावर तर्जनी टेकवतात, डोळे मिटतात, मग उघडून पडद्यावरचा बाण कुठवर गेला ते बघतात. "हं." नंतर एअर उचलून त्याच्या बुडाला कान लावतात. 2020 च्या एम-वनपासून त्यात पंखाच नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. पण खात्री केलेली बरी.

खरा घोळ वजनाचा. तेरा इंची एअर 1.24 किलो, कार्बनचा नवा अवतार किलोच्या किंचित आत. फरक पाव किलोचा. या पाव किलोवर जेवणाची अख्खी सुट्टी खर्ची पडते. शेजारी सरांची सॅक असते; तिच्यात तीनपुडी स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, बारमाही छत्री आणि तुलनेच्या प्रिंटआउट्सची फाइल. फाइलच पाव किलोच्या वर भरेल. शिवाय दोन्हींत रॅम मदरबोर्डवरच पक्की, मागाहून वाढवता येत नाही. त्यामुळे 16 की 32, यावर वेगळी सुनावणी चालू आहे.

वास्तविक सरांचं काम काय? टॅली, एक्सेल आणि रिटर्न भरताना लागणारा डिजिटल सहीचा डोंगल. टॅली विंडोजवरचं. डोंगलला लागतो जुना, चपटा यूएसबी पोर्ट. एअरला नुसता टाइप-सी, कार्बनला दोन्ही. म्हणजे निकाल दोन मिनिटांचा, थिंकपॅड घ्या आणि कामाला लागा. नवीन लागलेल्या एका मुलीने हे बोलून दाखवलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, इतकं सोपं असतं तर मी गेल्या दिवाळीतच नसता घेतला?"

एकदा खरंच कार्ड बाहेर आलं होतं. पण पुढच्या मॉडेलची कुणकुण लागली आणि ते परत पाकिटात गेलं. मॉडेलं दरवर्षी येतात, हाच सरांचा मोठा आधार.

तुम्हाला लॅपटॉप घ्यायचा असेल तर सरांना जरूर विचारा, माहिती चोख मिळेल. त्या संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका, एवढंच. आणि घेतल्यावर त्यांना चुकूनही दाखवू नका. दुसरा कसा बरा होता, ते पुराव्यानिशी सांगतील.