मी लोणार हिरवं करायला जातो

पुण्यात पंचवीस वर्षं काढली की माणसाला स्वतःचं गाव वाचवायची उबळ येते. मला ती गेल्या मे महिन्यात आली. निमित्त झालं भाच्यानं ग्रीसहून पाठवलेल्या फोटोंचं. उघड्याबोडक्या टेकड्या, दगडी बांध, ऑलिव्हची झाडं आणि खाली 'शाश्वत ग्रामीण पर्यटन'. मनात म्हटलं, उघड्या टेकड्या बुलडाण्यातही आहेत, दगडांना तर तोटाच नाही. कमी आहे ती फक्त माझ्यासारख्या पर्यटकाची.

लोणारजवळच्या खेड्यात माझी मावशी राहते. तिला फोन लावला. "मी येतोय, पण पाहुणा म्हणून नाही, जबाबदार पर्यटक म्हणून. बाटलीबंद पाणी नको, कूलर नको, अंघोळीला फक्त एक बादली."

मावशी जरा थांबली. "पुरी बादली लागते का तुले? बरं, पाहू. नळ आठ दिवसाआड येते."

तरी मी खचलो नाही, कारण माझ्याकडे बीजगोळे होते. सोसायटीमागच्या टेकडीवरून शेंगा गोळा केल्या, बी टणक म्हणून व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यातून काढलं आणि शेणमातीचे दोनशे गोळे वळले. "दिवाळीत लाडवांना कधी हात लावला नाहीत," एवढंच बायको म्हणाली. एसटीत माझ्या शेजारची सीट मेहकरपर्यंत रिकामी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विवराच्या काठावर उभा राहिलो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, १३७ मीटर खोल, बेसॉल्टच्या खडकात उल्केनं पाडलेलं भगदाड. सोबतच्या गाईड पोराला मीच माहिती देऊ लागलो. म्हटलं, "१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हे नजरेस पडलं."

"मंग खाली एवढी देवळं कोनं बांधली, काका?"

मी विषय बदलला. उतारावर एक झाड पार वाळलेलं दिसलं. एक पान नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या स्टीलच्या बाटलीतलं अर्धं मी त्याच्या बुडाशी ओतलं. पोरगा शांतपणे बघत होता. "काका, साग हाय तो. मेला नाही, झोपला हाय. मिरगात उठते."

हे निदान चुकणं माझ्यासाठी नवं नव्हतं. जून २०२० मध्ये या विवरातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा मी घरबसल्या सगळ्या ग्रुपांवर 'प्रदूषणाचा बळी' म्हणून श्रद्धांजली वाहिली होती. पुढे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. माझी श्रद्धांजली मात्र अजून फिरते आहे. परवा ती मलाच परत आली.

कमळजा देवीच्या देवळाकडे उतरताना पोरगा पुढे गेल्याचं बघून मी पिशवी उघडली आणि दोन्ही हातांनी गोळे भिरकावू लागलो. साठेक झाले असतील.

"काय फेकून राह्यले, काका?"

"भविष्य," मी म्हणालो.

त्यानं एक गोळा उचलून फोडला. आतलं चपटं, चकचकीत तपकिरी बी तळहातावर घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमचे गणिताचे मास्तर पाहायचे. "ही तं सुबाभूळ हाय!"

मग मला कळलं की २००० सालापासून हे अभयारण्य आहे. इथं आपल्या मनानं काही पेरायचं नसतं. मेक्सिकोकडून आलेली सुबाभूळ तर नकोच नको. तिकडचीच वेडी बाभूळ इथं अशी माजली होती की ती काढता काढता मजुरांचे हात सोलले. आणि मी तिची मावसबहीण एसटीनं, अर्धं तिकीटही न काढता, घेऊन आलो होतो.

"येचा आता," पोरगा म्हणाला.

मे महिन्याची दुपार, पन्नाशीचा माणूस आणि मातीच्या रंगाचे मातीत पडलेले गोळे. गुडघ्यावर रांगत वेचत होतो. चिंचेच्या सावलीत चार, करवंदाच्या जाळीत दोन, एक माकडाच्या हातात. तो मात्र त्यानं हुंगून स्वतःहून परत टाकला. पाणी तर केव्हाच संपलं होतं. समोर अख्खं सरोवर, पण त्यातून पूर्वी लोक सोडा काढत. शेवटी पोरानं त्याची बाटली पुढे केली. प्लास्टिकची होती. तिच्यावर मी सकाळी दहा मिनिटं बोललो होतो. घटाघटा प्यालो.

त्रेपन्न सापडले. सात नाहीत. जुलैत पाऊस लागला की रात्री ते सात मला पुण्यात उगवल्यासारखे वाटतात.

उरलेली पिशवी मी मावशीच्या गोठ्यामागं टाकून आलो होतो. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. "तुह्यं जंगल उगवलं होतं रे, चांगलं हातभर."

"होतं?"

"बकऱ्यांनी खाल्लं. लय आवडलं त्याह्यले. पुढच्या सालीबी येजो, अन् येताना आनखी आनजो."