सभ्य गृहस्थांनी कसे हरावे

1976 साली दोन शेजाऱ्यांनी जुगाराविषयी आपापली भूमिका कायद्यात लिहून ठेवली. महाराष्ट्राने कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला. गोवा, दमण आणि दीवसाठी जुगाराला बंदी घालणारा कायदा झाला. पुढे महाराष्ट्रातला परवानगीचा कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. गोव्याच्या बंदीच्या कायद्यात मात्र 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशीनपुरती सवलत घुसली, 1996 मध्ये पाण्यातल्या जहाजांवर टेबले मांडायची मुभा आली, आणि आज पणजीला मांडवीच्या पात्रात त्याच बंदीच्या कायद्याखाली रात्रभर रोषणाई असते.

त्यामुळे घाटावरच्या रसिकांची मोठी सोय झाली. गावात पिंपळाच्या पारावर तीनपत्तीचा डाव मांडला, तर 1887 सालच्या कायद्याखाली ‘अड्ड्यावर छापा’ पडतो. पत्ते, रोकड, मोबाइल आणि दुचाक्या असा मुद्देमाल जप्त होतो आणि वय, राहणार अमुक, यासकट नावे पेपरात येतात. तीच मंडळी घाट उतरून मांडवीवर तीच तीनपत्ती खेळायला बसली, की त्यांना ‘सर’ म्हणतात.

मात्र सर होण्याचे काही नियम आहेत. पहिला वयाचा. एकवीस पूर्ण हवीत. अठराव्या वर्षी माणूस सरकार निवडू शकतो, पण लाल की काळा हे ठरवायला आणखी तीन वर्षांची परिपक्वता लागते.

दुसरा कपड्यांचा. अर्धी चड्डी आणि स्लिपर घालून आलेल्या पुरुषाला जेट्टीवरूनच परत पाठवतात. ज्या गोव्यात पाहुणा बर्म्युडा घालून बाजार, बँक आणि लग्नसुद्धा उरकून येतो, तिथे पूर्ण पँटचा आग्रह धरणारी ही एकमेव जागा असावी. कोल्हापूरहून चपला घालून निघालेले पाहुणे मग धावतपळत बूट विकत घेतात. त्या दिवशीच्या खर्चातली ती एकच वस्तू घरी पोचते.

तिसरा नियम सगळ्यात हृद्य आहे. खेळणारा गोमंतकीय नसावा. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशाला तिथे खेळायला मज्जाव आहे. नोकरी करायला हरकत नाही. पत्ते वाटावेत, उचलू नयेत. यात गोव्याला एकटे पाडण्याचे कारण नाही. मोनॅकोच्या नागरिकांना माँटे कार्लोच्या टेबलांवर बसता येत नाही, नेपाळमध्ये नेपाळी माणसाला कॅसिनो बंद आहे, आणि सिंगापूर आपल्या नागरिकांकडून दिवसाला दीडशे डॉलर घेतल्याशिवाय त्यांना आत सोडत नाही. जुगाराने संसार उद्ध्वस्त होतात, हे या सगळ्या सरकारांना नीट ठाऊक आहे. म्हणूनच तर ती दुसऱ्यांचे संसार मागवतात.

आत गेल्यावर पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. डीलर नोटा कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरतो, मोजतो, चिप्सची चळत पुढे सरकवतो आणि नोटा टेबलाच्या फटीतून खाली ढकलतो. फट नोटेच्या मापाची असते. उलट दिशेने तिचा वापर नाही. पाळी संपवून उठताना तो दोन्ही तळवे उलटेसुलटे करून कॅमेऱ्याला दाखवतो: काही नेले नाही. खेळणाऱ्याला असे काही दाखवावे लागत नाही. त्याचे हात रिकामे आहेत, यावर व्यवस्थापनाचा विश्वास असतो.

‘नो मोअर बेट्स’ म्हटल्यावर चिप्सना हात लावायचा नाही. टेबलावर फोन नाही, फोटो नाही. या बाबतीत महाराष्ट्राचे विधिमंडळ जास्त उदार म्हणायचे. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसली, जाहिरात बंद करत होतो असा खुलासा आला, आणि त्यांच्याकडचे कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले.

हुशार पाहुणा रूलेटजवळ वही काढतो. चाकाला 37 घरे असतात, आणि एका आकड्यावर जिंकलात तर पैसे मिळतात 36 घरांच्या हिशेबाने. उरलेले घर मालकाचे. शंभर रुपये लावले की सरासरी दोन रुपये सत्तर पैसे त्याचे. हे गणित वहीत नसते. वहीत असते, ‘सलग सहा वेळा काळा आला, आता लाल येणारच.’ 18 ऑगस्ट 1913 ला माँटे कार्लोमध्ये काळा सलग 26 वेळा आला आणि लालवर विसंबलेली बडी मंडळी साफ झाली. चाकाला मागचे काही आठवत नाही. तरीही आधीचे आकडे मोठ्या फलकावर झळकत असतात. ज्या घरात पाहुण्याला भिंतीवर घड्याळ दाखवत नाहीत, तिथे ही माहिती फुकट का मिळते, एवढे वहीवाल्याने विचारावे.

काहींचा भर वसुलीवर असतो. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जेवण, पेय आणि थोड्या चिप्स येतात, म्हणून ते चौथ्यांदा ताट भरतात. त्या चिप्स खेळायच्या असतात, थेट वटवायच्या नसतात, हे काउंटरवर कळते.

आणि कर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेवर पाच टक्के घेतो. आताच्या सरकारला जिंकण्याची वाट पाहवत नाही. ऑक्टोबर 2023 पासून चिप्स विकत घेतानाच पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे. चुकून जिंकलात तर त्यावर आयकर 30 टक्के, अधिभार वेगळा. हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. टेबलाशी खुर्ची न घेता प्रत्येक डाव जिंकणारा खेळाडू तो हाच.

मग जहाजे मांडवीतून हलवणार कधी? विरोधी बाकांवर असताना मनोहर पर्रीकरांनीही कॅसिनोविरुद्ध मशाली घेऊन मोर्चा काढला होता. पुढे सत्ता आली, मुदती आल्या, मुदतवाढी आल्या. जहाजे जागची हलली नाहीत. बाके तेवढी बदलली.

तेव्हा निघालेच असाल, तर हरायची रक्कम घरीच ठरवा, कार्ड हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, आणि जेट्टीकडे वळण्याआधी गाडीची टाकी पूर्ण भरून घ्या. पेट्रोल टेबलावर लावता येत नाही.