कॉम्प्युटरच्या हयातीचा दाखला

महाराष्ट्रात माणूस दाखल्यावर जगतो. जन्माचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा. आणि पेन्शन हवी तर साक्षात समोर उभं राहूनही हयातीचा. मग कॉम्प्युटरनेच काय पुण्य केलंय? कोर्टात साक्ष द्यायची तर त्यालाही दाखला हवा. आधी तो भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चा होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चा झाला.

ही तरतूद मुळात इंग्रज साहेबाची. 1968 च्या दिवाणी पुरावा कायद्यातली. साहेबाने 1995 च्या कायद्याने ती मोडीत काढली आणि आपण 2000 साली वाजतगाजत घरी आणली. पुढे सर्वोच्च न्यायालय 2005 साली, संसद हल्ल्याच्या खटल्यात म्हणालं, दाखल्यावाचून अडत नाही. 2014 साली : अडतं. 2018 साली : कधी अडतं, कधी नाही. 2020 साली : अडतंच. या दरम्यान ज्या फौजदाराने आरोपपत्राला सीडी जोडली, त्याने कायदा पंचांगात बघायचा होता.

2020 चा निकाल आपल्या जालन्याचा. 2014 च्या विधानसभेला निवडून आलेल्या अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर आला, अशी पडलेले प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांची तक्रार. कचेरी सरकारी, कॅमेरे सरकारी, सीडीही सरकारनेच दिल्या. फक्त ‘या आमच्याच’ एवढं लिहून द्यायला, मागून मागून थकले तरी, एकही साहेब तयार होईना. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या उलटतपासणीवर भागवून नोव्हेंबर 2017 मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल राखला आणि बजावलं, दाखला सक्तीचाच. कोणी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा. तोवर त्या विधानसभेची मुदत संपली होती आणि 2019 ची निवडणूक जिंकून गोरंट्याल आमदारही झाले होते.

हा झाला निवडणुकीचा वाद. पण सायबर गुन्ह्याच्या खटल्यालाही हाच दाखला लागतो, आणि खरी बहार तिथे आहे. समजा, तुमच्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी घुसलं, हिशेब फिरवले, फायलींना कुलूप घालून खंडणी मागितली. तुम्ही पुरावा घेऊन गेलात की नव्या कायद्याच्या परिशिष्टातला नमुना पुढ्यात येतो. त्यात लिहून द्यायचं, की या काळात यंत्र व्यवस्थित चालू होतं; आणि नसलंच, तरी त्याचा नोंदीवर काही परिणाम झालेला नाही. अहो, परिणाम झाला हीच तर तक्रार आहे!

भाग ‘अ’ वर तुमची सही, भाग ‘ब’ वर तज्ज्ञाची. मध्ये हॅशचा, म्हणजे फायलीच्या अंगठ्याच्या ठशाचा, आकडा, त्यापुढे तो काढायची पद्धत एसएचए-1, एसएचए-256 की एमडी-5 यावर खूण. हे निदान तज्ज्ञ तरी सांगेल. पण साधनांच्या यादीत मोबाईल, पेनड्राइव्ह, सर्व्हर यांच्या पंगतीत क्लाउडही बसलाय, आणि खालच्या रकान्यात कंपनी, मॉडेल यांच्याबरोबर साधनाचा रंग विचारलाय.

क्लाउडपुढे, आषाढ असेल तर काळा लिहावा.