व्याह्यांचं अस्वल

लेकीच्या सासऱ्यांना नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. सासरे मिनेसोटाचे असले, सहा फुटांवर उंच असले आणि आपल्या पोराच्या लग्नात अक्षता चघळत उभे राहिलेले असले, तरी व्याही ते व्याही. त्यांनी फोनवर विचारलं, "वसंतात अलास्काला अस्वलाच्या शिकारीला जातोय, येता का? तुम्ही नुसतं बघायचं." सौ. दारातून जोरजोरात मान हलवून मला होकार द्यायला सांगत होती. तिला फक्त 'अलास्का' ऐकू गेलं होतं.

बंदूक घ्यायची आणि रानात शिरायचं, एवढीच माझी शिकारीची कल्पना. पण हिवाळाभर आम्ही कागदच वाचत होतो. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला अलास्कात तपकिरी अस्वल मारायचं असेल, तर सोबत परवानाधारक गाइड लागतो. नाहीतर तिथेच राहणारा, १९ वर्षं पूर्ण झालेला जवळचा नातेवाईक. जवळचा म्हणजे कोण, याची यादीच कायद्यात आहे. भाऊ, आजोबा, जावई, सासू, मेव्हणा, अगदी सावत्र बापसुद्धा. व्याही नाही! मुलीचं लग्न ठरवताना ज्याच्या मानपानापायी आपल्या तोंडाला फेस येतो, त्याची अलास्का सरकारच्या दरबारी नोंदच नाही.

म्हणजे गाइड आलाच. दर वीस-पंचवीस हजार डॉलर. शिवाय परवान्याचे १६० आणि अस्वलाच्या टॅगचे १०००. मला हौस आली असती, तर परदेशी म्हणून तोच टॅग १३०० ला पडला असता. जन्मभर सांगलीत बँकेत कर्जाचे कागद तपासल्यामुळे करारातला बारीक मजकूर मी आधी वाचतो. अर्धी रक्कम आगाऊ, ती परत मिळणार नाही, आणि अस्वल दिसेलच याची हमी नाही. आमच्या शाखेत असा कागद कुणी आणला असता, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता. व्याह्यांनी हसत हसत सही केली.

तारखांचीही गंमत आहे. अलास्का द्वीपकल्पावर वसंतातली शिकार फक्त सम वर्षांत, तीही १० ते २५ मे. विषम वर्षांत शरद ऋतूत. सम-विषम तारखांचं पार्किंग सांभाळलेल्या पुणेकराला हे चटकन कळेल. तिथे चुकलं तर गाडी उचलून नेतात, इथे बंदूक. पिल्लांसोबतच्या मादीला हात लावायचा नाही. चार वर्षांत एकच अस्वल मारता येतं. कातडं आणि कवटी आणलीच पाहिजे, मांस आणायची मात्र सक्ती नाही. हे काही मला पटलं नाही. आमच्याकडे पानात टाकलेलं संपवल्याशिवाय उठू देत नाहीत.

"तुमच्याकडे अस्वलं आहेत?" व्याह्यांनी विचारलं.

"आहेत की. मेळघाटात मोहाची फुलं खायला येतात."

"मग शिकार?"

"कायद्यानं बंद. आता तीच माणसांच्या मागे लागतात."

२०२४ च्या मेमध्ये आम्ही अँकरेजहून किंग सॅमनला उतरलो. शेजारीच कटमाई राष्ट्रीय उद्यान. तिथली अस्वलं सामन मासे खाऊन फुगतात आणि शरदात सगळ्यात लठ्ठ अस्वल कोणतं यासाठी जगभरचे लोक इंटरनेटवर मतं देतात. २०१४ पासून हा उद्योग चालू आहे. उद्यानात शिकारीला बंदी. म्हणजे हद्दीच्या आत अस्वल उमेदवार, बाहेर आलं की हजार डॉलरचा टॅग. हद्द कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

पुढचा प्रवास सुपर कब नावाच्या विमानातून. पुढे पायलट, मागे एकच माणूस, आणि खाली नदीकाठच्या गोट्यांवर उतरायला फुग्यासारखी टायरं. माणशी पंचवीस किलो सामान, तेही मऊ पिशवीत. पत्र्याच्या शेडमध्ये काटा होता. पिशवी झाल्यावर पायलटनं मलाही त्यावर उभं केलं, आकडा सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचला आणि पिशवीतला डबा काढून विचारलं, "हे काय?"

बेसनाचे लाडू. सौ.नं व्याह्यांसाठी दिलेले, दोन किलो.

व्याह्यांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या पिशवीतून काडतुसांच्या दोन पेट्या काढून बाकावर ठेवल्या. "अस्वलाला एक गोळी पुरते. लाडू रोज लागतील."

तळावर गाइडनं डबा उघडून हुंगला आणि मुकाट्यानं तंबूपासून शंभर पावलांवर, विजेच्या तारेच्या कुंपणाआड नेऊन ठेवला. साजूक तुपाचा वास अस्वलाला कुठूनही येतो म्हणे. तेव्हापासून चहाबरोबर लाडू हवा असेल, तर एकानं डबा आणायचा आणि दुसऱ्यानं भरलेली बंदूक घेऊन मागे चालायचं.

त्याच संध्याकाळी नदीपलीकडे ते आलं. एकटं, थोराड, खांद्यांवर मदार. वसंतात नर आधी बिळातून बाहेर पडतात. हा चांगला बैलाएवढा प्राणी खाली मान घालून गवत खात होता. व्याह्यांचा हात बंदुकीकडे गेला, तोच गाइडनं घड्याळ दाखवलं. छोट्या विमानातून उतरलेल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत शिकार करता येत नाही. वरून अस्वल हेरायचं, शेजारी उतरायचं आणि उडवायचं, ही पळवाट कायद्यानं बुजवली आहे. उजेड रात्री साडेदहापर्यंत, त्यामुळे गवताची एकेक काडी दिसत होती. आम्ही ओळीनं बसून ते जेवण शेवटपर्यंत पाहिलं.

पहाटे तीनला पाऊस. गाइडनं तंबूबाहेर डोकं काढलं, आत घेतलं आणि "झोपा" म्हणाला. नंतर डोंगरउतारावर दुर्बीण लावून बसणं, ओलं होणं, वाळणं. पिल्लांची आई दिसली, तरणं पोरगेलं अस्वल दिसलं, कोल्हा तर रोजचाच. तो नर काही परत आला नाही.

मिनेसोटाला परतल्यावर व्याह्यांनी दिवाणखान्यातल्या रिकाम्या भिंतीकडे एकदा पाहिलं आणि २०२६ ची आगाऊ रक्कम भरून टाकली. करारात हमीचं कलम तसंच आहे. खाली साक्षीदार म्हणून सही माझी, आणि लाडवांचं वजन या वेळी आधीच धरलंय.